माणूस दाखवा

टीव्हीच्या दुकानात शिरलं की मला मळमळतं. भिंतभर पन्नास टीव्ही आणि पन्नासही टीव्हींवर एकच पोपट. पोपट उडून जातो, मग मध येतो. मधाची ती ओशट धार सावकाश, लाळेसारखी, कुठल्याशा पावावर पडत राहते. मग कासव. कासवाच्या मानेवरची प्रत्येक सुरकुती वेगळी दिसावी म्हणून चांगली शिकलेली माणसं हप्ते बांधून घेतात, याची मला किळस येते. ही किळस माझी जन्मजात नाही. ती मला मेश्राम बाईंनी लावली.

सुमन मेश्राम धायरीतल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. मूळच्या अमरावतीकडच्या. आईवडिलांनी नागपूरला जाऊन धम्म स्वीकारला तेव्हा बाई आईच्या पोटात होत्या. "म्हणजे मीही हजर होते, फक्त दिसले नाही कुणाला," असं त्या सांगायच्या. घराण्यातली पहिली पदवी त्यांची, पहिली नोकरीही त्यांचीच. कर्णबधिर मुलांना शिकवण्याचा अभ्यासक्रम करायला पुण्यात आल्या त्या इथल्याच झाल्या. पेठेतल्या एका छोट्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला आणि ओठ वाचायला शिकवलं. लग्न केलं नाही. कुणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायच्या, "वर्गात बारा मुलं होती. तेरावं कुणाला हवं होतं?"

पुण्यात राहून त्यांची जीभ आमच्यापेक्षाही पुणेरी झाली होती. मात्र डोकं फिरलं की अमरावती बाहेर पडायची, आणि समोरच्याची धडगत नसायची.

बाई बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नसत, तोंडाकडे बघत. नव्या माणसाला वाटे, दातांत काहीतरी अडकलंय. मी राहायला आलो त्याच आठवड्यात जिन्यात मला थांबवून त्या म्हणाल्या, "पानसे, तुमच्या मिशीनं तुमचा वरचा ओठ खाल्लाय. कापा." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. महिनाभर हे ऐकून शेवटी मी मिशी कापली, आणि बायकोला अठरा वर्षांनी माझा वरचा ओठ दिसला. खाली गेटवरचा रखवालदार गुटख्याचा तोबरा भरून पार्सल आल्याचं सांगू लागला की बाई हात वर करत. "आधी थुंकून ये, चूळ भर, मग बोल. शी!" हे 'शी' त्या इतक्या मनापासून म्हणत की ऐकणाऱ्याला आपल्याच तोंडाची घाण वाटे.

ही सगळी शाळेतली सवय. पुढे ती गरज झाली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाईंना जोराचा ताप आला आणि आठ दिवसांत दोन्ही कान पार गेले. यंत्राचाही उपयोग नव्हता. दुसरं कुणी असतं तर खचलं असतं. बाईंनी डॉक्टरांची खुर्ची स्वतः ओढून खिडकीसमोर ठेवली आणि म्हणाल्या, "इथे बसा, उजेडात. सावकाश बोला. ओरडू नका, ओरडलं की तोंड वाकडं होतं."

सोसायटीच्या बैठकीत त्यांच्याच समोर एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "बहिऱ्यांना शिकवून शिकवून शेवटी स्वतःच बहिऱ्या झाल्या बघा." त्यांना वाटलं, ऐकू येत नाही म्हणजे कळत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो, संसर्गजन्य आहे. लांब बसा." मला त्या गृहस्थांचा संताप आला होता. पण खरं सांगायचं तर आम्ही बाकीचे काही फार वेगळे नव्हतो. बाईंशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहायचं, उजेड शोधायचा, शब्द तोडून बोलायचं. त्याचा कंटाळा येई. जिन्यात भेटल्यावर मीही नुसता हात हलवून सटकायचो, आणि त्याला मनातल्या मनात सौजन्य म्हणायचो.

त्यामुळे दिवसभरात त्यांच्याशी धड बोलणारं एकच माणूस उरलं होतं. संध्याकाळी सातच्या बातम्या देणारी बाई.

त्यांचा टीव्ही जुना, मागे कुबड असलेला. सातला पाच कमी असताना त्या खुर्ची टीव्हीपासून बरोबर चार फुटांवर ओढत. मूठभर शेंगदाणे, पाण्याचं भांडं आणि समोर ती बातम्या देणारी. आवाज अर्थातच बंद. बाई तिच्या ओठांवरून बातम्या वाचत आणि मधूनमधून तिला दुरुस्तही करत. "तोंड उघड की गं. 'शेतकरी' म्हणताना काय लाज वाटते?" एकदा मला म्हणाल्या होत्या, "पापा, बाबा आणि मामा. ओठांवर तिन्ही एकसारखे दिसतात, माहितेय? ओठांवर निम्मंच येतं, पानसे. उरलेलं अक्कल." ती अक्कल त्यांच्याकडे रग्गड होती. ती त्यांनी पस्तीस वर्षं मुलांच्या डोक्यात भरली, आणि शिकवताना एक नियम कधी मोडला नाही: वर्गात खुणा करायच्या नाहीत. मुलांनी हात पाठीमागे धरून बसायचं. "हाताला सवय लागली की जीभ आळशी होते," हे त्यांचं ठाम मत. हातवाऱ्यांना त्या 'माकडचाळे' म्हणत.

आमच्याकडे चहाला आल्या असताना त्यांनी एका मुलीची गोष्ट सांगितली होती. सात वर्षांची, खेड्यातून आलेली. काही केल्या तिचे हात थांबेनात. तिला काही सांगायचं असलं की आधी दहाही बोटं नाचायची. मग बाईंनी रोज एक तास आपल्या रुमालानं तिची मनगटं मागे बांधायला सुरुवात केली. सैलसर, दुखू नये अशी. सहा महिन्यांनी ती मुलगी 'आई' म्हणाली आणि तिची आई शाळेच्या पायरीवर बसून रडली. सांगताना बाईंचे डोळे भरून आले होते. माझ्या बायकोचेही आले. मी 'वा' म्हणालो. ते 'वा' आता आठवलं की घशाशी येतं.

गेल्या वर्षभरात बाई टीव्हीवर चिडू लागल्या होत्या. चित्र पुसट येतं, ती बाई तोंडातल्या तोंडात बोलते, डबा म्हातारा झाला. मग एक दिवस डब्यानं खरोखरच मान टाकली. बाई वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "पानसे, मला टीव्ही घ्यायचाय. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं का?"

मला काडीचंही कळत नाही. पण मी म्हणालो, "थोडंफार." पुरुष असाच म्हणतो.

पहिलं दुकान सिंहगड रस्त्यावरचं. पोरगा टाय लावलेला, तोंडात च्युइंग गम. त्यानं पहिल्या मिनिटात माझा मोबाइल नंबर घेतला आणि दुसऱ्या मिनिटापासून तो माझ्याशीच बोलू लागला, जणू बाई म्हणजे मी बरोबर आणलेली पिशवी. "सर, हा क्यूएलईडी. ब्लॅक्स एकदम डीप. हा फोर के, एचडीआर, एकशे वीस हर्ट्‌झ. मॅडमना ना सर, हा बेस्ट आहे."

बाई टीव्हीकडे बघत होत्या. "हे कासव कधी जाणार?" त्यांनी विचारलं.

"डेमो आहे, आजी. लूपवर असतो."

"मला कासव पाळायचं नाही. माणूस दाखवा. बोलताना."

त्याला वाटलं, यांना ऐकू कमी येतं. तो त्यांच्या कानाशी वाकून बोंबलला, "आजीऽ, कलर बघा! कलर!"

"काहून बोंबलून राहिला बे?" बाई कडाडल्या. "मी ठार बहिरी आहे. समोर ये, तोंडातलं ते रबर काढ आणि हळू बोल. शी!"

पोरगा गम गिळून आत गेला. दुकानाच्या टोकाला काचेची केबिन होती, तिथे तो मालकाशी बोलू लागला. मला दोघांची नुसती तोंडं हलताना दिसत होती. बाई कमरेवर हात ठेवून काचेकडे बघत उभ्या होत्या. मग अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात धडा वाचावा तशा त्या वाचू लागल्या: "म्हातारी बहिरी आहे. बरोबरचा माणूस येडा आहे. भिंतीवरचा पुसून खोक्यात भर आणि नवा म्हणून दे. तिला काय कळतंय."

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. भिंतीवर मध गळत होता. मालक काचेमागे उभाच राहिला, तोंड उघडं.

"आता मिटा," बाई म्हणाल्या. "उघडं ठेवलं तरी काही नवीन येणार नाही." आणि मला म्हणाल्या, "चला. त्यातलं तुमच्याबद्दलचं तेवढं खरं होतं."

रस्त्यावर आल्यावर मला हसू आवरेना. त्या मात्र मागे वळून दुकानाच्या काचेकडे बघत होत्या. "पस्तीस वर्षं मी मुलांना सांगितलं की माणसाच्या तोंडाकडे बघा, त्यात सगळं असतं. त्यात हे असतं होय?"

दुसरं दुकान कर्वे रस्त्यावरचं, मोठं, थंडगार. तिथली मुलगी बरी होती. उजेडात उभी राहून बोलली. बाईंनी तिला सरळच सांगितलं, "मला यातलं तांत्रिक काही समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही. मला बातम्या देणाऱ्याचे ओठ वाचता आले पाहिजेत. ज्यात येतील तो बांधून द्या." मुलीनं खरंच कुठूनतरी वायर ओढून बातम्या लावल्या.

आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं, की बातम्या म्हणून आपल्याला काय खायला घालतात. निवेदिका तीन सेकंद दिसे. मग आगीचं चित्र. मग सहा चौकोन, सहा चौकोनांत सहा माणसं एकदम किंचाळणारी. खालून लाल पट्टी, तिच्यावर पिवळी पट्टी, आणि ती पिवळी पट्टी नेमकी माणसांच्या हनुवट्यांवरून सरकणारी. पानाच्या पिचकाऱ्यांनी भरलेला जिना परवडला, असलं ते बीभत्स दृश्य.

बाई चार फुटांवर उभ्या राहिल्या. मग तीन. मग दोन. "हा बिघडलाय," म्हणाल्या. मुलीनं शेजारचा लावला. तोही बिघडलेला निघाला. तिसरा, चौथा. सहाव्या टीव्हीसमोर मुलीनं माझ्याकडे पाहिलं. सहाच्या सहा टीव्ही बिघडलेले नसतात, एवढं तंत्रज्ञान मलाही कळत होतं. शेवटी मुलीनं जुन्या मुलाखतीचा तुकडा लावला, एकच माणूस, मोठा चेहरा, पट्टी नाही, सावकाश बोलणारा. मला त्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"काय म्हणतोय?" बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या पुन्हा त्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग पदरानं चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.

रिक्षानं घरी आलो. जिन्यात म्हणाल्या, "पानसे, टीव्ही ठीक होते ना सगळे?" मी मान हलवली. "मला वाचता येत नाहीये," त्या म्हणाल्या, "तुमचंसुद्धा. तुमचं मी अंदाजानं चालवतेय, तुम्ही रोज तेच तेच बोलता म्हणून. त्या काचेमागच्या मालकाचंही अकलेनंच वाचलं; असली माणसं दुसरं काय बोलणार?" मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यानं सांगितलं की पडदा मधोमध झिजलाय. मोठं दिसेल, बारीक दिसणार नाही. ओठांची हालचाल म्हणजे बारीकच. ही बाई आता एकटी, बहिरी, आणि आपली आयुष्यभराची विद्या डोळ्यांदेखत गेलेली. सात वाजले की मला खालून खुर्ची ओढल्याचा आवाज येई. टीव्ही नव्हता, तरी.

नंदू या गोष्टीत आधीपासून होताच, मी त्याला मोजला नव्हता इतकंच. नंदकुमार बाईंचा विद्यार्थी, आता पन्नाशीचा, भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो वाघोलीहून दोन बस बदलून यायचा, बाईंचा नळ, दिवे, सिलिंडर बघून जायचा. जन्मापासून ऐकू न येणारा, पण सपाट, जाड आवाजात समजेल असं बोलायचा. बाईंचा तो अभिमान होता. "बघा, बोलतो की नाही!" आणि बाईंसमोर त्याचे दोन्ही हात कायम खिशात असायचे. मला तो त्याचा संकोच वाटायचा.

बाईंनी त्याला टीव्हीचं सांगितलं. तो त्यांच्या अगदी तोंडासमोर येऊन, एकेक शब्द फोडून, मोठं तोंड करून म्हणाला, "मी निवडतो, बाई." त्याचं एवढं त्यांना अजून वाचता येई. आम्ही तिघं पुन्हा कर्वे रस्त्यावर गेलो.

नंदूनं कुणालाही काही विचारलं नाही. पोपट, मध, कासव यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. खिशातून मोबाइल काढून त्या मुलीला दाखवला. ती म्हणाली, "व्हिडिओ कॉल टीव्हीवर? होतो की, सर." तिनं मोबाइल आमच्याकडे तोंड करून धरला आणि दोन मिनिटांत पन्नास इंची टीव्हीवरचं कासव गेलं आणि तिथे वाघोलीतलं एक स्वयंपाकघर आलं. ओट्याशी एक बाई, हातांना कणीक लागलेली. नंदूची बायको रेखा. तीही त्याच शाळेतली.

नंदूनं खिशातून हात काढले.

इतक्या वर्षांत मी त्या माणसाला बोलताना पाहिलंच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. तोंडानं दोन-चार शब्द टाकणारा तो दबकलेला नंदू गेला आणि त्याच्या जागी एक गप्पिष्ट, मिस्कील, भरभरून बोलणारा माणूस उभा राहिला. पडद्यावर रेखा कणकेच्या हातांनी उत्तरं देत होती, भुवया उडवत होती, खांदे हलवून हसत होती. कसलासा विनोद झाला आणि दोघं एकदम हसले. आवाज शून्य. दुकानातले सगळे नोकर येऊन उभे राहिले. अख्ख्या भिंतीवर ते एकच माणूस होतं, बाकी सगळी जनावरं. नंदू मधूनच थांबून पडद्यावरची तिची बोटं मोजून बघत होता. त्याला टीव्हीचं एवढंच तपासायचं होतं.

मेश्राम बाई मधोमध उभ्या होत्या आणि त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

"काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं. नंदूचं लक्ष नव्हतं. त्यांनी त्याची बाही ओढली. "नंदू, काय म्हणतेय?"

त्यानं दचकून हात खाली घेतले. "म्हणते, बाईंची साडी छान आहे."

"एवढंच? केव्हाची बोलतेय ती."

नंदू ओशाळला. "बाकीचं तोंडानं फार लांब होतं, बाई."

"मग तिला म्हण, तोंडानं बोल. मी शिकवलंय तिला. माझ्याशी बोल म्हणावं."

नंदूनं सांगितलं. पडद्यावरची रेखा थबकली. तिनं ओठ उघडले, तिचा गळा ताणला गेला, आणि "बाऽ" असा एक घोगरा, फाटका आवाज त्या थंडगार दुकानात आला. कोपऱ्यातला एक नोकर फिसकन हसला. रेखाला ते ऐकू गेलं नाही, तरी तिनं तोंड मिटलं आणि मान हलवून नको म्हणाली. मला त्या नोकराच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. मी त्याच्याकडे नुसतं रागानं बघितलं, माझ्यासारखी माणसं बघतात तसं.

"ती वीस वर्षं बोलत नाही," नंदू म्हणाला. "लोक हसतात. हातानं सगळं बोलते. आम्ही सगळे शाळेत असतानाच शिकलो. मधल्या सुट्टीत, नळापाशी. मोठी मुलं शिकवायची. एक जण तुमच्यावर लक्ष ठेवायचा." हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. शाळेतली गंमत सांगावी तसं सांगत होता.

बाई पडद्याकडे बघत होत्या. "रुमाल," त्या म्हणाल्या, "तिला रुमाल आठवतो?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ती सात वर्षांची मुलगी म्हणजे हीच.

नंदू म्हणाला, "सगळ्यांना आठवतो, बाई."

टीव्ही घेतला. नंदूनं घरी येऊन लावून दिला. इंटरनेट जोडून दाखवलं, की ऐकू न येणारी माणसंच खुणांनी बातम्या देतात, पाककृती सांगतात, भांडतातसुद्धा. पन्नास इंचांवर हात केवढाले दिसत. डोळ्यांच्या झिजलेल्या पडद्याला पुरून उरतील एवढे. नंदू गेला आणि बाईंनी त्या टीव्हीवर चादर टाकली.

चार दिवस ती चादर तशीच होती. पाचव्या दिवशी मी खाली गेलो. खुर्ची उजेडात ओढून बसलो आणि शक्य तितकं मोठं तोंड करून विचारलं, "आवडला नाही का?"

"किळस येते," बाई म्हणाल्या.

"त्या हातांची?"

"माझी." त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. "सगळ्या शाळेला येत होतं, पानसे. शिपायालासुद्धा थोडं येत होतं. एका मला येत नव्हतं. बारा मुलं माझ्यासमोर पस्तीस वर्षं हात मागे धरून मुकी बसली, आणि मी घरी येऊन सुखानं जेवले. त्या पोरीला काय सांगायचं होतं तेव्हा? रोज काहीतरी सांगायला यायची. मी आधी हात बांधायची आणि मग म्हणायची, आता बोल."

मी म्हणणार होतो की तेव्हा सगळीकडे तसंच शिकवायचे, तुम्ही काही एकट्या नव्हता. म्हटलं असतं तरी ते त्यांना वाचता आलं नसतं, आणि बरंच झालं. असली समजूत ही सुद्धा एक ओशट गोष्ट असते.

पुढच्या रविवारी नंदू आल्यावर बाईंनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "शिकव." तेव्हापासून तो दर रविवारी येऊ लागला. बाई अत्यंत वाईट विद्यार्थिनी होत्या. बोटं आखडलेली, त्यात तापटपणा. नंदू न कंटाळता एकेक खूण पुन्हा पुन्हा दाखवी. जेमतेम तीन महिने ही शिकवणी चालली असेल. मग बाईंची तब्येत ढासळली, भाची येऊन त्यांना अमरावतीला घेऊन गेली, आणि तिथेच त्या गेल्या. जाताना गाडीत बसलेल्या बाई मला आठवत नाहीत, मी कामावर होतो. मला आठवतो तो त्याआधीचा एक रविवार.

बायकोनं मटकीची उसळ दिली होती, ती घेऊन मी खाली गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ऐकू न येणाऱ्या दोन माणसांच्या घरात वाजवून काय करायचं, म्हणून मी तसाच उभा राहिलो. खिडकीखाली दोघं समोरासमोर बसले होते. बाईंनी तोंडानं विचारलं, "'माझं चुकलं' कसं म्हणतात?"

नंदूनं खूण करून दाखवली. कानाची पाळी चिमटीत धरायची, असं काहीतरी होतं. बाईंनी केली. त्यानं मान डोलावली. बाईंनी पुन्हा केली, त्याच्याकडे एकटक बघत. नंदूनं हात पुढे करून त्यांचं मनगट जरा वळवलं. त्यांनी पुन्हा केली. "बरोबर, बाई," तो खूश होऊन म्हणाला, "आता एकदम बरोबर. पुढचा शब्द?" त्यांनी पुन्हा तीच केली. तो पुन्हा म्हणाला, "बरोबर." त्याला तो धडा वाटत होता. माझ्या हातातलं भांडं जड झालं.

शेवटी बाई उठल्या. टीव्हीसमोर खुर्ची ओढून म्हणाल्या, "रेखाला लाव."

नंदूनं मोबाइल टीव्हीपाशी टेकवला. रेखा पडद्यावर आली, केस विंचरत. बाईंना बघून तिनं कंगवा ठेवला. बाईंनी दोन्ही पाय जुळवले, पाठ ताठ केली आणि ती खूण केली. एकदाच.

मग तिचे हात उठले. आधी सावकाश, मग भराभर, मग इतके जोरात की पन्नास इंचांच्या बाहेर जाऊ लागले. तिचा चेहरा लाल झाला होता. ती रडत होती की रागावली होती, मला कळलं नाही. दोन्ही असेल. नंदू खुर्चीच्या कडेला सरकला आणि घाईघाईनं तोंडानं सांगू लागला, "बाई, ती म्हणते की तुम्ही तेव्हा..."

बाईंनी पडद्यावरची नजर न काढता त्याला हातानं थांबवलं.

"मध्ये बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "तिला बोलू दे."